मृत्युपत्राचा दुसरा साक्षीदार

जयसिंग कांबळे वकिलांनी मृत्युपत्राचं शेवटचं पान खिडकीच्या उजेडात धरलं आणि खालच्या दोन सह्यांवर बोट टेकलं.

"पहिला साक्षीदार डॉक्टर. ते वारले."

"कोविडमध्ये," रुचिता म्हणाली.

"ऱ्हायले हे भूपाल नेजकर. पत्ता सांगा. समन्स काढूया."

"पत्ता नाही त्यांना."

"म्हंजे? हे बी गेले?"

"नाही. आमच्या शाळेतले सर ते. दीक्षा घेतली. चार वर्षांपूर्वी दिगंबर मुनी झाले."

कांबळ्यांनी पान खाली ठेवलं. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या वकिलीत साक्षीदार फुटले होते, पळाले होते, दारू पिऊन कोर्टात आले होते. हा प्रकार नवा होता.

"मॅडम, साक्षीदार निवडताना लोक वय बघत्यात, तब्येत बघत्यात. वैराग्य कोण बघतंय?"

रुचिता मगदूम माती परीक्षण प्रयोगशाळेत प्रमुख होती. पिशवीवर गट नंबर नसेल तर ती नमुना हातही न लावता परत पाठवायची. आणि तिच्या वडिलांनी, श्रीपालआण्णांनी, आयुष्यातला एकमेव महत्त्वाचा कागद घरी बसून लिहिला होता. नोंदणी करा म्हणून ती तीनदा मागे लागली होती. तिन्ही वेळा आण्णांचं उत्तर एकच. "भूपाल सर साक्षीला असताना सरकारचा शिक्का कशाला? ते खोटं बोलतील होय?"

सर खोटं बोलले नसते, हे खरंच होतं. पण खरं बोलायला माणूस जागेवर लागतो, एवढं आण्णांच्या ध्यानात आलं नाही.

मृत्युपत्र होतं दीड पानाचं. मंगळवार पेठेतलं दुमजली घर मुलगा वृषभ आणि मुलगी रुचिता यांना समान. मात्र खालच्या दोन खोल्यांत आण्णांची विधवा बहीण अक्काताई हयात असेतोवर राहील आणि तिला तिथून कुणी हलवू नये. आई गेली तेव्हा रुचिता नऊ वर्षांची होती आणि वृषभ चार. तेव्हापासून दोघांना वाढवलं ते अक्काताईनं, पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवत. आता ती एकाहत्तर वर्षांची होती आणि मशीन अजून चालू होतं.

मृत्युपत्र नसतं तर वारस दोघंच, मुलगा आणि मुलगी. बहिणीला काही नाही. वृषभनं पुण्यात बसून नेमकी हीच गोष्ट हेरली होती. एका बिल्डरशी त्याचं बोलणं झालं होतं, आणि बिल्डरला घर रिकामं हवं होतं. त्यानं सिटी सर्व्हे ऑफिसात हरकत दिली : कागदावरची सही वडिलांची नाही. तिथल्या साहेबांनी हात वर केले. वाद असेल तर कोर्टातून प्रोबेट आणा, म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा दाखला.

"कोल्हापुरात प्रोबेट सक्तीचं न्हाय," कांबळे म्हणाले होते. "पण सगळे मागत्यात."

सक्ती नाही आणि त्याशिवाय चालत नाही, या दोन वाक्यांची सांगड रुचिताला अकरा महिन्यांत घालता आली नव्हती.

"सरांची सही शाळेच्या रजिस्टरवरनं ओळखता यील," कांबळे आता म्हणाले. "मुख्याध्यापकांना बोलवू. पण तुमचा भाऊ वडलांचीच सही नाकारतोय. म्हंजे हस्ताक्षर तज्ज्ञ आला, त्यांचा तज्ज्ञ आला. पाच-सहा वर्षं धरा. आत्याबाईंचं वय काय?"

"एकाहत्तर."

"बघा की एकदा महाराजांना भेटून. हो म्हणाले तर कोर्ट कमिशनर पाठवूया जबानी घ्यायला. फकस्त विहारात असतील तर कमिशनरला चालत जावं लागंल त्यांच्या मागनं."

महाराजांचा त्या वर्षीचा चातुर्मास नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका गावात होता. रविवारी रुचिता तिथल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पोचली तेव्हा आहार उरकून महाराज बसले होते आणि समोर पन्नासेक माणसं. शरीर वाळलं होतं, डोळे मिटलेले होते. आवाज मात्र तोच, आठवीच्या वर्गात "जर्नल दाखव" म्हणणारा. तिची पाळी आली. तिनं घर, खोल्या, आत्ती, भाऊ, सही हे सगळं क्रमानं, एकही शब्द जास्त न वापरता सांगितलं.

"घर, खोल्या, कागद," महाराज म्हणाले. "हे विषय सोडले मी."

"सर, फक्त हो किंवा नाही."

"महाराज म्हणा, महाराज," शेजारची बाई पुटपुटली.

"सह्या करणारा माणूस आता नाही," महाराज म्हणाले. त्यांनी डोळे उघडले. "तू नियम काय घेतेस?"

दर्शनाला आलेल्यानं काहीतरी सोडून जायचं असतं, हे ती विसरली होती. ती साक्ष मागायला आली होती, दर्शनाला नव्हे, पण ते आता कुणाला सांगणार?

"चहा किती वेळा होतो?"

"सहा. कधी सात."

"दिवाळीपर्यंत सोड."

त्या आवाजाला नाही म्हणायची सवय तिला कधीच लागली नव्हती. तिनं हात जोडले. मोरपिसांची पिंछी उचलली गेली, आशीर्वाद मिळाला, आणि मागचा माणूस पुढे सरकला.

अक्काताईला हे ऐकून इतकं हसू आलं की तिनं मशीन थांबवलं. "साक्ष आणाय गेलतीस आणि चहा घालवून आलीस."

"आत्ती, हसू नको. हे घर जाईल."

"जाईल तवा जाईल." तिनं दोरा दातानं तोडला. मग शिवलेली बाही उलटी करून बघितली. "वृषभला फोन लाव. म्हणावं, आत्तीला महाराजांच्या दर्शनाला न्यायचं हाय."

"तो तुला घराबाहेर काढायला निघालाय."

"म्हणूनच तर मोठी गाडी घेतलीया की. न्हेऊ दे एकदा."

वृषभ आला. आत्तीला नाही म्हणणं त्यालाही जमत नव्हतं. कोर्टात वकिलाच्या तोंडून म्हणणं वेगळं, फोनवर वेगळं. रुचिता मागच्या सीटवर बसली. चहा सुटून तीन आठवडे झाले होते, डोकं रोज दुपारी ठणकत होतं, आणि वृषभ गाडीत बिल्डरच्या पार्किंगबद्दल बोलत होता.

बस्तीत त्या दिवशी गर्दी जास्त होती. वृषभचे शाळेतले दोन मित्रही होते. तो ऐटीत पुढे झाला. "नमोस्तु महाराज."

"मगदुमांचा धाकटा," महाराज म्हणाले. "काय सोडतोस?"

"बटाटा, महाराज. दिवाळीपर्यंत."

"तुमच्या घरात बटाटा शिजतच नाही. डबा बघितलाय मी तुझा."

लोक हसले. वृषभही हसला. रुचितानं मान वर केली.

"खोटं बोलणं सोड," महाराज म्हणाले. "जास्त नको. दिवाळीच्या पहाटे निर्वाण लाडू चढेपर्यंत. तुझ्यासारख्याला अडीच महिने काय अवघड आहेत?"

हसू वृषभच्या तोंडावर तसंच राहिलं. मागे पन्नास माणसं, शेजारी अक्काताई. ती डोळे मिटून, हात जोडून बसली होती. एवढ्या लोकांत, त्या आवाजासमोर, मला खोटं बोलायचंय असं कोण म्हणेल?

"हो, महाराज."

परतीच्या वाटेवर पार्किंगचा विषय निघाला नाही. शिरोली मागे पडल्यावर तो म्हणाला, "हे तुम्ही ठरवून केलं."

"मी काय केलं?" अक्काताई म्हणाली. "मी आपली पाया पडले."

रुचिताला मात्र त्यात फारसं काही दिसलं नाही. पुढची तारीख दिवाळीच्या आठ दिवस आधीची होती. वृषभचा वकील ती पुढे ढकलून घेणार, नियम संपणार, आणि मग तोंड मोकळं. वर्षभरात त्यांनी पाच तारखा अशाच खाल्ल्या होत्या. एकदा लग्न, एकदा पोटदुखी, एकदा घाटात दरड. गगनबावड्याकडे तेव्हा दरड कोसळली होती हे खरं, पण पुण्याहून यायला गगनबावडा लागत नाही, हे कोर्टात कुणी विचारलं नाही.

झालंही तसंच. वृषभचे वकील उभे राहिले. "माझ्या अशिलांना ताप आहे. पुढची तारीख मिळावी."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून मागच्या बाकाकडे पाहिलं. "ते तुमचेच अशील ना, कडेला बसलेले? उभे राहा. ताप आहे?"

वृषभ उभा राहिला. दोन बाकं पुढे अक्काताई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

त्याच्या वकिलांनी कागद खाली घेतला.

"मग तारीख कशाला हवी?"

"दिवाळीनंतरची हवी."

"का?"

वृषभनं दुसरं काही सुचतंय का ते पाहिलं असावं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी बरणीतला गूळ संपला की व्हायचे तसे.

"दिवाळीपर्यंत खोटं न बोलायचा नियम आहे माझा."

कोर्टात आधी एकजण हसला, मग सगळे. पट्टेवाल्यानं तोंड फिरवलं. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं, हसू गिळलं आणि पुन्हा पेन उचललं. "मग आजच बोलूया. की आधी वकिलांशी बोलायचंय?"

व्हरांड्यात वृषभचे वकील पाच मिनिटं दबक्या आवाजात त्याच्यावर तापले. वृषभ भिंतीकडे बघत होता. शेवटी तो रुचिताकडे आला.

"सही आण्णांचीच आहे," तो म्हणाला. "मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "वर्ष उलटून गेलं, वृषभ."

आत जाऊन त्यानं हरकत मागे घेतली आणि आत्ती हयात असेतोवर खालच्या दोन खोल्यांना हात लावणार नाही असं लिहून दिलं. कांबळ्यांनी मुख्याध्यापकांचं प्रतिज्ञापत्र तयारच ठेवलं होतं. बाईंनी सगळं दाखल करून घेतलं. वीस मिनिटं लागली.

"आदेशाची नक्कल कधी मिळेल?" रुचितानं खिडकीवर विचारलं.

"दिवाळीच्या सुट्टीनंतर या," कारकून म्हणाला.

"सुट्टीनंतर कधी?"

"या तर खरं. बघू."

ती कँटीनमध्ये आली तेव्हा कांबळ्यांनी चार चहा मागवले होते. वाफाळलेला कप तिच्यासमोर आला. वेलदोड्याचा वास थेट डोक्यात गेला. वृषभनं तिच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच थोडा हसला.

"अजून आठ दिवस," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

अक्काताईनं आपला कप संपवला, बशी पुसली आणि रुचिताचा कप अलगद पुढे ओढला.

"निवायला लागलाय," ती म्हणाली. "उगं कशाला वाया घालवायचा?"