गिऱ्हाइकाची गादी

भिंगरीच्या आत्याला धावण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला कळायच्या गाद्या. बापाच्या मागे दुकान तिनेच चालवलं आणि बापाचा एकुलता एक कायदा जिवापाड पाळला: गिऱ्हाइकाच्या गादीवर बसायचं नाही. "राजा गादीवर बसतो, आपण ती शिवतो," असं म्हातारा म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला लागेपर्यंत हसायचा.

भाऊ-भावजय दिवसभर कामावर, म्हणून भाची दुकानातच वाढली. पायाला भिंगरी लागलेली पोर, नावही तेच पडलं. दारातून सुसाट आत यायची. आत्या सुईवरची नजर न काढता ओरडायची, "गादी!" की पोर जागच्या जागी थांबलीच.

आता तीच पोर देशाचे रंग अंगावर घालून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत साठ मीटर धावायला आली होती, आणि आत्या दुकानाला कुलूप ठोकून तिच्यासोबत. स्पर्धा छताखाली. भिंगरी आजवर उघड्या मैदानावर धावलेली. तिथे रेषा ओलांडली की हवं तितकं पळत सुटा, कोण अडवतंय! इथे रेषेच्या पुढे थोड्याच अंतरावर भिंत, आणि भिंतीला उभ्या टेकवलेल्या जाडजूड निळ्या गाद्या. मुलींनी त्यांच्यावर जाऊन आदळायचं, म्हणजे हाडं शाबूत राहतात.

सकाळच्या फेरीत भिंगरी सगळ्यांच्या पुढे होती. आत्या कठडा धरून किंचाळत होती. आणि रेषा हाताशी आली तोच पोरीने कचकन ब्रेक मारला! तिघी तिच्या नाकासमोरून पुढे गेल्या. संध्याकाळच्या अंतिम फेरीसाठी आठजणी निवडल्या, त्यात ही आठवी, तीसुद्धा नशिबाने.

"भिंतीला घाबरतेस का गं?" प्रशिक्षक मॅडमनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, पण चेहरा उतरला होता.

"नाही हो मॅडम. मलाच कळत नाही. समोर गादी दिसली की पाय आपोआप थांबतात."

आत्याला चहाचा ठसका लागला.

"अगं बाई!" तिने कपाळावर हात मारला. "मॅडम, हा माझा प्रताप! ही पोर आपणहून नाही थांबत, माझी शिकवण तिला थांबवते."

मागच्या सरावाच्या हॉलमध्येही तशीच गादी होती. आत्या तरातरा तिच्यापाशी गेली. शिवण चाचपली, चार बुक्के हाणले. "कापूस नाही, स्पंज आहे. पण शिलाई झकास." मग मागे आली आणि तिने सँडल काढल्या.

"आत्या, काय करतेयस?" भिंगरी घाबरून म्हणाली.

आत्याला आज जन्मात केलं नव्हतं ते करायचं होतं. "बाबा, माफ करा हो!" असं ओरडत ती जी सुटली ती थेट गादीवर जाऊन थडकली. धप्प! गादीने तिला पोटात घेतलं आणि अलगद जमिनीवर ठेवलं. कुठकुठल्या देशांच्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या. अंबाडा सुटलेली आत्या खाली बसून हसत होती. "अगं, काय मजा आहे ही! आणि मी जन्मभर नुसती शिवत बसले!"

भिंगरीची हसून हसून मुरकुंडी वळली. मग ती धावली, पण हातभर अलीकडे थांबली. पुन्हा धावली, या वेळी नुसती बोटं टेकवली. तेवढ्यात अंतिम फेरीचं बोलावणं आलं. आता जे होईल ते होईल.

पिस्तूल वाजलं. भिंगरी जरा उशिराच उठली. मग एकेकीला गाठत गेली, आणि रेषेच्या तोंडाशी तिच्या पुढे एकच उरली. आत्या कठड्यावरून पुढे वाकली. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "गादी!"

आजवर ती हाक अडवायला मारलेली. आज बोलवायला मारली, आणि पोरीला बरोबर कळली. ब्रेक नाही की काही नाही! दोन्ही हात पसरून भिंगरी रेषेपलीकडे गेली आणि अशी आदळली की तिच्या समोरची गादीच भिंतीवरून घसरून आडवी झाली.

फलक बराच वेळ कोरा होता. मग नावं उमटली. सगळ्यात वर भिंगरीचं. मॅडम आत्याच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. आत्या तर आधीपासूनच रडत होती.

बाकीच्या मुली उठून उभ्या राहिल्या. भिंगरी मात्र त्या आडव्या गादीवर चांगली मांडी ठोकून बसली होती. आत्याच्या तोंडून सवयीने निघालंच, "अगं ऊठ! गिऱ्हाइकाची गादी आहे ती!"

"आज नाही!" भिंगरी तिथूनच ओरडली. "आज गादी आपली आहे, आत्या! ये, बस!"

आत्याने सँडल काढल्या.