सर्जेरावाची विहीर

शिवराज दर रविवारी फुलंब्रीहून एसटीनं शहरातलं पुंडलिकनगर गाठायचा, ते सर्जेरावासाठी. सर्जेराव म्हणजे मित्राच्या, शंतनूच्या नव्या फ्लॅटमध्ये टेबलावर चालणाऱ्या खेळातला शिवराजचा लढवय्या, दोन वर्षं जिवापाड जपलेला. कामावर, कंपनीत शिवराजला कुणी काळं कुत्रं विचारत नव्हतं. इथं सर्जेरावाचा शब्द चालायचा.

खेळ चालवायचा शंतनू. नियमांच्या पुस्तकात नसलेलं काही लढाईत करायचं म्हटलं, की वीस बाजूंच्या फाशावर निदान किती पडायला हवेत ते तोच ठरवी. मागच्याच महिन्यात त्याच्या वर्गमित्राचा, हिमांशूचा गडी झुंबराला लोंबकळून शत्रूवर पडला, तेव्हा आठ पुरले होते. झुंबर! पुंडलिकनगरात कुणाच्या बापानं झुंबराला हात लावला होता?

त्या रविवारी राक्षस एका विहिरीच्या तळाशी होता. शिवराजला स्फुरण चढलं.

“दोराला हातहातावर गाठी मारतो. पाय भिंतीला लावून उतरतो. मधीच भिंतीला लाथ मारून झोका घेतो, अन् थेट त्याच्या मानंवर!”

“काहीही काय!” शंतनू हसला. “असं कुणी उतरतं का? एकोणीस लागतील.”

“अरे, मी रोज उतरतो. या दुष्काळात आमच्या विहिरीत तळाला वाटीनं पाणी भरावं लागतंय. लई अवघड नाय ते.”

“तू उतरत असशील रे. पण मला पटायला नको?”

फाशावर अठरा पडले. सर्जेराव विहिरीत मेला. शिवराजला रडू आलं, आणि पुठ्ठ्याच्या सोंगटीसाठी रडू येतंय याची लाजही वाटली.

पुढच्या रविवारी तो नवा गडी घेऊन मुकाट्यानं परत गेला. दुसरीकडं जाणार कुठं? राक्षस अजून तिथंच होता. या वेळी हिमांशूची पाळी आली.

“दोराला गाठी मारतो. पाय भिंतीला, मध्येच झोका, आणि थेट मानेवर.”

“आठ,” शंतनू म्हणाला.

“मला एकोणीस सांगितले व्हते की!” शिवराज ताडकन उठला.

“तेव्हा मला कुठं माहीत होतं कसं करतात ते? तूच तर समजावलंस ना.”

हिमांशूला नऊ पडले. राक्षस मेला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, सवयीनं शिवराजनंही. सकाळीच दोरानं सोललेले तळवे झोंबले, तेव्हा कुठं आपणही टाळ्या वाजवतोय हे त्याच्या ध्यानात आलं.