अकरा नंबरचा फोटो

फोटो १
विमानाची खिडकी, पंख, ढग. कोपऱ्यात तन्वीने आकडा टाकलाय, कारण हा तिचा शाळेचा प्रोजेक्ट आहे. विषय: ईदची सुट्टी.

जेद्दा, अल अझीझियातला आमचा हॉल. शुक्रवारची दुपार, जेवणं झालेली. सोफ्यावर मराठी मंडळातल्या अहिल्याताई आणि त्यांचे यजमान श्यामकांतकाका. गालिच्यावर पाय पसरून माझी आय. दमयंती, मुक्काम सातपाटी, सध्या व्हिजिट व्हिसावर लेकीकडे. नवरा सुयश चहा टाकतोय. टीव्हीवर सुट्टीतले फोटो, रिमोट तन्वीच्या हातात.

फोटो ४
स्वोल्वेर. नॉर्वेच्या पार वरच्या अंगाचं छोटं बंदर. खांबांवर उभी लाल लाकडी घरं, खाली पाणी, मागे डोंगर. जून महिना आणि डोंगरावर बर्फ.

"किती होतं टेंपरेचर?" काका.

"आठ."

"आणि आम्ही इथे बेचाळीसमध्ये भाजत होतो. बोलावलं असतंत तर बॅगा उचलल्या असत्या."

फोटो ७
स्क्रोवा बेटावर जाणारी बोट. सगळे आत काचेमागे. बाहेर एकटी आय, नऊवारीवर सुयशचं जॅकेट.

"आत या म्हणून मी दोनदा सांगून आलो," सुयश स्वयंपाकघरातून ओरडला.

"समुद्र काय काचेतून बघायचा?" आय.

फोटो १०
बेट. लाकडी मांडव, आणि त्यांवर शेपट्या बांधून जोडीजोडीने लटकवलेले कॉड मासे. हजारो. थंड वाऱ्यावर वाळलेले, लाकडासारखे.

"ह्या तर वलांड्याच की!" आय तेव्हा म्हणाली होती, आताही म्हणाली. वलांडी म्हणजे बांबूचा मांडव. सातपाटीत त्याच्यावर बोंबील वाळतात, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने.

"तुमचा माशांच्या एक्सपोर्टचा बिझनेस होता ना?" अहिल्याताईंनी आयला विचारलं. "मग तुम्हाला यातलं सगळं ठाऊक असणार."

हे त्यांना मी सांगितलं होतं. सहा वर्षांपूर्वी, याच सोफ्यावर.

एक्सपोर्ट म्हणजे: सुक्या बोंबलांची टोपली, पालघरचा बाजार, डोक्यावर चुंबळ. त्यातून मी एमबीबीएस झाले. पुढे नाक-कान-घसा.

फोटो १२
कॉफी आणि जॅम घातलेलं वाफल.

"मम्मा, इलेव्हन कुठे गेला?" तन्वी.

मी सोफ्यावरची उशी सरळ केली.

"मम्मा! इलेव्हन मिसिंग आहे. मी स्वतः नंबर टाकले होते."

तो मी सकाळी यातून उडवला होता.

आयने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जाऊ दे गो बाय. पुढचा लाव. तो केक बरा होता."

जाऊ दे. पहिल्या आठवड्यात तिने बॅगेतून जवळ्याची पुडी काढली, तेव्हा मी म्हटलं होतं, "आय, इथे नको. बिल्डिंगभर वास जातो." तेव्हाही ती हेच म्हणाली होती, याच आवाजात. पुडी परत बॅगेत गेली. तिथेच आहे अजून.

मी तन्वीकडून रिमोट घेतला. मग फोन शोधला. माझाच फोन, पण पासवर्ड दोनदा चुकला. उडवलेला फोटो शोधून टीव्हीवर लावला.

फोटो ११
मोठं गोदाम. हाताएवढा लांब सुका मासा, त्याच्या फाडलेल्या पोटात नाक खुपसलेली माझी आय. शेजारी एप्रन घातलेला म्हातारा. त्याने स्वतःची टोपी काढून छातीशी धरलीय.

"ह्या... वास घेतायत?" अहिल्याताई.

"हो. आणि ताई, एक्सपोर्ट वगैरे काही नव्हतं. आय बाजारात बसायची. सुके बोंबील विकायची, तेहतीस वर्षं. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

सुयश ट्रे घेऊन दारातच थांबला.

मग मी थांबलेच नाही. हा म्हातारा तिथला पारखी. एकेक मासा उचलायचा, दाबायचा, हुंगायचा आणि वीसएक दर्जांच्या ढिगांपैकी एकात टाकायचा. त्याचा बापही हेच करायचा. प्रवासी आले की तो गंमत म्हणून दोन मासे पुढे करतो, चांगला कुठला ओळखा. लोक हसतात, काहीतरी सांगतात. आय हसली नाही. तिने दोन्ही मासे मानेपाशी दाबले, हुंगले आणि एक बाजूला ठेवला. "हा वरून सुकलाय. मानेत ओल राहिली." मी इंग्रजीत सांगितलं. म्हाताऱ्याने सुरी आणली, मान चिरली. आत बोट घातलं. ओलं.

त्याने हसणं थांबवलं. दहा मासे ओळीने मांडले.

"दहातले पाच तिने त्याच्यासारखेच लावले. मग त्याने टोपी काढली. मला विचारलं, ह्या कोण? मी म्हटलं, माझी आई. हेच काम करते. ताई, तिथे मी ताठ मानेने सांगितलं. तिथे आपल्याला ओळखणारं कोण होतं? इथे परत आले आणि फोटो काढून टाकला."

सुयशने ट्रे टेबलावर ठेवला.

काका आधी हसले. "म्हणजे नाकाची डॉक्टर तू, आणि नाक यांचं!"

"सोनल," आय म्हणाली.

मला वाटलं, रागावली. चारचौघांत सगळं उघडं केलं.

"पाच नाही. सात."

"काय?"

"सात ओळखले मी. आठव्यावर आमचं भांडण झालं, आणि आठव्याला तोच चुकला. सांगतेस तर नीट सांग."

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, सोफ्यावरची लांबट उशी उचलली आणि अहिल्याताईंच्या मांडीवर ठेवली.

"हे बघा ताई. ही मान. इथे अंगठा. दाबा. असा नाही, जोरात."