पूजा झालेलं चाक

"पूजा झालेल्या गाडीचं चाक खोलतेत का रे, बेअक्कल?" बाबूजी एवढ्या जोरानं बोंबलले का ताईचा हिमांशू दचकून रडाले लागला.

"मंग मेल्यावर खोलू का?" मी म्हनलो.

निघाच्या वेळेवर मरनाचं नाव! माय कपाळ धरून पायरीवर बसली. मलेही समजते असं बोलू नये. पन मी जे पाहिलं ते कोनी पाहूनच नाही राहिलं.

आमची सुमो म्हातारी आहे. आधी बाबूजी हिच्यात आमगाव-सालेकसा सवाऱ्या नेत. मीटर कधीचाच मेला, किती चालली ते तिलेच माहीत. आता सारे हिच्यातच बसून धारले चाललो, हिमांशूचं जावळ काढाले. आमी पोवार, मूळचे धारकडचे, आमची देवी तिकडंच माळव्यात. मायनं नवस बोलला होता, ताईले लेकरू झालं तर आपल्याच गाडीनं तुह्या दारी आनीन. म्हनून रेल्वे नाही. बैतूलचा घाट उतरा लागन, त्याच गाडीनं.

दिवाळीपासून बाबूजी तिच्या मांगं लागले होते. नवी बॅटरी, नवा पट्टा. रेडिएटर गळत होता तर त्यात मुठभर हळद टाकली. मी हसलो, पन गळनं बंद झालं बाप्पा! ब्रेकचं तेल आज सकाळी मीच भरलं, डब्बीवरच्या खुनेपर्यंत. मंग पूजा झाली. समोर नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले, बाबूजीनं गाडी त्याच्यावरून नेली. आमच्याकडं असं आहे, एकदा पूजा झाली का गाडीले पाना लावाचा नाही, सरळ देवीच्या दारी.

मी वरती सामान बांधून खाली उतरलो न् मांगचं चाक आतून ओलं दिसलं.

"नारळाचं पानी आहे ते," बाबूजी म्हनले.

"नारळ समोर फोडला. पानी मांगं उडत गेलं का?"

"मंग लिंबाचा रस असन. दहावी अर्ध्यात सोडून आला न् मले गाडी शिकवून राहिला!"

मी बोट लावलं. चिकट. लिंबाचा वास नाही, ब्रेकच्या तेलाचा वास. बोनट उघडून दाखवलं, तेल खुनेच्या खूप खाली गेलं होतं. बाबूजीनं पाहिलं. चांगलं पाहिलं. मंग बोनट आपटून बंद केलं.

"आपल्या गावच्या योगराजनं पूजा झाल्यावर टायर बदलवला होता," ते हळूच म्हनले. "देवरीच्या पुढं काय झालं त्याचं? चौघं होते गाडीत."

मले वाटत होतं जिद्द करून राहिले. जिद्द नव्हती, भेव होतं. "आंघोळ करून येतो तवरी सामान आवळून ठेव," म्हनून गेले.

मी आमगावच्या छोटेलाल मिस्त्रीले फोन लावला.

"पूजा झाली का?" त्यानं पयले हेच इचारलं.

"झाली."

"मंग तुह्या बापाच्या आंगनात मी पाना नाही लावत बाबू. उद्या काही झालं तर गाव म्हनन छोटेलालनं पूजा मोडली. दुकानात आन, पाहतो."

"ब्रेक गळून राहिला, आनू कसा?"

"पहिल्या गिअरमधी, हँडब्रेक धरून. न् नहराच्या उतारावर देवीले आवाज दे." तो हसला. मले हसू नाही आलं.

माय जवळ आली. "खरं सांगून राहिला का राग काढून राहिला?"

"बस इथं. दाब पायानं."

ती स्टेअरिंगपाशी बसली. जोडव्याचा पाय ब्रेकवर ठेवला. पाय हळूहळू खाली गेला, पार तळाले टेकला. मांगच्या सीटवर ताई गोधडी पसरून हिमांशूले टाटा करा शिकवत होती.

"रविता, पोराले उतरव."

"काऊन वो माय?"

"उतरव म्हनलं ना!"

मंग माय देवघरात गेली, चाबी आनली न् माह्या हातात कोंबली. "नवस माहा आहे. दोष लागला तर मलेच लागू दे. त्याहिची आंघोळ होयाच्या आधी मिस्त्रीकडं ने."

आता मी स्टेअरिंगपाशी बसलो आहे. मी गाडी चालवली ती वावराच्या रस्त्यानं, बाबूजी बाजूले असतानी. नहराचा, म्हंजे कालव्याचा, उतार संपला का लगेच आमगावचा बाजार, न् याच वेळेवर ट्यूशनची पोट्टी सायकलीनं येतेत. हँडब्रेक ओढून पाहिला न् आता ध्यानात आलं. हाही मांगच्याच चाकाले धरते. तेच चाक तेलानं भिजलं आहे. छोटेलालच्या ध्यानात आलं नसन का?

माय फाटक उघडून उभी आहे. ताईनं हिमांशूले छातीशी धरलं आहे. न्हानीतला बालटीचा आवाज थांबला. कडी निघाली.

जातो मी.