बुवाच्या राखेतले सापळे

माझ्या थोरल्याने चार दिवस भट्टी पेटवली नव्हती. लोहाराच्या पोटी जन्मलेला गडी, पण सकाळ झाली की गावात नव्याने आलेल्या बुवाच्या ओट्यावर जाऊन बसायचा. लांडग्यासाठी सापळे करणं पाप आहे, म्हणे. ऐरण विकायलाही गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. त्याचा बाप गेल्यावर त्याच ऐरणीवर मी चार पोरं वाढवली.

ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. बुवा लोकांचे सापळे मागून घ्यायचा, शेकोटीत लाल करायचा, दिवसभर राखेत पुरायचा आणि संध्याकाळी ताणून त्यात चक्क स्वतःचा हात घालायचा. जबडे मिटायचे ते बोळक्या म्हाताऱ्यासारखे, हळूच. लोखंडातली हिंसा जळाली, आता लांडगाही निवळेल, असं बुवा सांगायचा आणि बायाबापड्या डोळे पुसायच्या. लांडगा काही प्रवचनाला आला नव्हता. त्या आठवड्यात त्याने माझ्या धाकट्या जावेची सहा कोकरं नेली.

मी घरातला कोरा सापळा उचलला आणि ओट्यावर नेऊन ताणून ठेवला. "हा राखेत गेलेला नाही. यात घाला हात."

आधी शुद्धी लागते, म्हणाला बुवा.

मी काठी घातली. तिचे दोन तुकडे झाले. पुढची रांग मागे सरकली.

मग त्याचाच एक शुद्ध सापळा घेऊन मी भट्टीवर आले. गाव मागोमाग, म्हणून बुवालाही यावं लागलं. भाता मी ओढला, थोरला नुसता उभा. सापळ्याचा सगळा जोर कमानीत, म्हणजे जबडे मिटवणाऱ्या वाकड्या पट्टीत असतो. ती लाल करून राखेत सावकाश निवू दिली की मऊ पडते. लाल असताना तेलात बुडवून निळसर होईतो पुन्हा शेकली की ताठ होते. यालाच आम्ही पाणी देणं म्हणतो. मी दोन यत्ता शिकलेली बाई, पण घण मारून एवढं कळतं. तसं पाणी देऊन कमान परत बसवली, सापळा ताणून बुवापुढे ठेवला.

"तुमचंच शुद्ध लोखंड. घाला."

बुवाने हात बाहीत ओढला आणि आज आपलं मौन आहे, असं खणखणीत आवाजात सांगितलं. हशा पिकला. ज्याने त्याने आपापला सापळा मागायला सुरुवात केली.

थोरला जवळ आला. "आई, चुकलं माझं."

"त्या बुवाला मी काय बोलू, तो त्याचा धंदा करतो. पण राखेत लोखंड मऊ पडतं हे तुला ठाऊक होतं, आणि तरी तू विचारलं नाहीस. बुवाने नाही, तू फसवलंस मला. आता सगळ्यांच्या कमानींना पाणी दे, आणि प्रत्येकाला समोर उभं करून ती मऊ का पडली ते दाखव. यापुढे कुणीही काही अजब दाखवलं, तर आधी कसं केलं ते विचारायचं. विचारलेलं ज्याला खपत नाही, त्याच्या पाया पडायचं नाही."