दुपारी उतरणारी बॅटरी

एसटीतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाल्यावर कृष्णात जाधवांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि मुलाच्या, शिवतेजच्या मदतीने तिचा कॅम्पर केला. आत झोपायला बाक, छोटा ओटा, पंखा आणि बॅटरीवर चालणारा फ्रिज. मे महिन्यात सगळ्यांनी मिळून कोकणात जायचं ठरलं होतं.

गाडी कामोठ्यात, सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर उभी असायची. फ्रिज किती टिकतो ते बघायला कृष्णातांनी त्यात दह्याचं भांडं ठेवलं. भरलेली बॅटरी दोन दिवस तरी पुरायला हवी होती. पण संध्याकाळी बघावं तर बॅटरी तळाला आणि दही आंबलेलं. त्यांनी वायरी तपासल्या, फ्रिजच्या दाराचं रबर बदललं. रोज वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून बॅटरी भरायची, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच.

"राहू द्या ना, आप्पा. बर्फाचा डबा नेऊ," शिवतेज म्हणाला.

कृष्णातांना ते पटलं नाही. "बॅटरीच खराब दिलीय," ते सुनेला म्हणाले. "उद्या दुकानदाराकडंच जातो."

प्रियदर्शिनी शाळेत शिकवायची. तिला सुट्टी लागली होती. "आधी एकदा दुपारी बघून या," ती म्हणाली. "उन्हानं पण होत असेल."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते पाना घेऊन खाली गेले. गाडीचे पडदे ओढलेले होते आणि आतून पंख्याचा आवाज येत होता. पंखा तर त्यांनी स्वतः बंद केला होता. आत कोणीतरी शिरलंय, असं वाटून त्यांनी हातातला पाना घट्ट धरला आणि दार सरकवलं.

आत शिवतेज बसला होता. ऑफिसचा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, मांडीवर लॅपटॉप, शेजारी अर्धवट खाल्लेला डबा.

"महाप्याला ऑफिसात नाय गेलास?" कृष्णातांनी विचारलं. "बरं नाय का?"

"नोकरी गेली, आप्पा. होळीच्या आधीच."

कृष्णातांनी पाना खाली ठेवला. कालच रात्री जेवताना या मुलाने साहेबांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं.

"फ्रिज मी बंद करायचो," शिवतेज खाली बघत म्हणाला. "लॅपटॉप आणि पंखा, दोन्ही चालवायचे तर बॅटरी पुरत नव्हती. घरी येताना परत चालू करायचो. दही नासतंय ते कळत होतं मला."

ते गाडीच्या पायरीवरच बसले. पत्रा इतका तापला होता की लगेच उठावं लागलं.

"प्रियाला सांगू नका. दोन ठिकाणी मुलाखती दिल्यात. एखादं काम झालं की..."

"मी नाय सांगत. तूच सांग. चल वर."

भरदुपारी दोघांना दारात बघून प्रियदर्शिनीचा चेहरा उतरला. "कोणाला काय झालं?"

शिवतेजने सगळं सांगितलं. ती रडली नाही. त्याच्या हातातल्या डब्याकडे बघत राहिली.

"रोज हा डबा तिथे बसून खायचास?"

"हो."

"त्या पत्र्यात? एवढ्या उन्हात?" ती खुर्चीवर बसली. "आणि मी इथे वर होते, शिवा. सुट्टी लागल्यापासून दिवसभर इथेच होते."

त्या संध्याकाळी घरात कोणी धड जेवलं नाही. कोकणचं जाणं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून शिवतेज घरातल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसू लागला. गणपतीच्या आधी त्याला रबाळ्याच्या एका लहानशा कंपनीत काम मिळालं.

दिवाळीत ते सगळे कोकणात गेले. फ्रिज व्यवस्थित चालला, मासेसुद्धा टिकले. गाडी चालवताना शिवतेज नव्या ऑफिसातल्या गमती सांगत होता, आणि प्रियदर्शिनी हसत होती. कृष्णातही हसत होते. पण मध्येच त्यांच्या लक्षात आलं, की आपण त्याचं बोलणं ऐकतच नाही आहोत. तो खरं सांगतोय का, ते त्याच्या चेहऱ्यावर शोधतो आहोत.