घंटा वाजेपर्यंत

मी एक जुना गजर आहे. मित्रांनो, माझ्या गोल तोंडावर आकडे आहेत म्हणून मला घड्याळ समजू नका. किती वाजले, हे मला सांगता येणार नाही. किती उरले, एवढेच मला ठाऊक असते. माझी मूठ पिळून सोडून दिली की मी टिकटिक करत शून्याकडे परत येतो आणि शून्यावर पोहोचलो की माझ्या पोटातली घंटा खणखणते. जन्मभर मी हे एकच काम केले.

मी जन्मलो कारखान्यात, पण शहाणा झालो बेकरीत. भट्टीशेजारच्या फळीवर माझी जागा होती. तिथल्या धगीने माझा लाल रंग केव्हाच उडाला. पाव आत गेले की मला पिळायचे आणि घंटा वाजेपर्यंत भट्टीचे दार उघडायचे नाही, हा तिथला कायदा होता. मध्येच दार उघडले तर फुगलेला पाव बसतो. एखाद्या नवख्याचा हात दाराकडे गेला की मोठे कारागीर ओरडत, "आधी गजराला विचार!" केवढा मान होता मला तेव्हा!

एकदाच विपरीत घडले. गप्पा रंगात आल्या होत्या आणि मी वाजणार तेवढ्यात कुणीतरी "थांब रे बाबा जरा" म्हणत मला मागे पिळले. त्या दिवशी भट्टीतून कोळसे निघाले. तो वास मी विसरलेलो नाही. आम्हा यंत्रांना आपल्या मनाने वाजता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे विजेची भट्टी आली. ती स्वतःच मोजते आणि स्वतःच वाजते. मी अडगळीत गेलो. पण एका कारागिराला माझी दया आली. त्याने मला रुमालात गुंडाळले आणि घरी नेले.

हा माणूस लिहिणारा होता. पहाटे बेकरीत पीठ मळायचे आणि दुपारी घरी येऊन गोष्टी लिहायच्या, असा त्याचा छंद. लिहायचे कशावर, तर बेकरीच्या कागदी पिशव्या फाडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर. त्याची बायको दवाखान्यात परिचारिका होती आणि संध्याकाळी घरी येई. म्हणून दुपारभर घरात दोघेच असत, बाबा आणि त्याची छोटी लेक. सारखे काहीतरी ओढत न्यायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

ही मुंगी म्हणजे बापसे बेटी सवाई. तिलाही त्याच पिशव्या हव्या असत. ती त्यांची घरे करी, टोप्या करी, गोगलगाईसाठी चपला करी. एकदा तिने बाबाच्या गोष्टीचा शेवटच कातरून त्याची होडी केली. बाबा डोके धरून बसला. "अगं, राजा बुडवलास माझा!" मुंगी म्हणाली, "बुडला नाही. होडीत बसलाय." बाबाला हसू आवरेना. पण लिहिणे काही पुढे सरकेना, हेही खरेच.

मग त्याने बेकरीचा कायदा घरात आणला. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी होती. त्याने मला तिच्यात ठेवले. एका बाजूला त्याचे टेबल, दुसऱ्या बाजूला मुंगीचा पसारा. "घंटा वाजेपर्यंत बाबाला हाक मारायची नाही. बाबा भट्टीत आहे असं समजायचं. वाजली की मी तुझा."

"वाजली की लगेच?"

"लगेच."

किती सुखाचे दिवस होते ते! मी वाजलो की दोघे आपापली कामे टाकून माझ्याकडे धावत. पण हळूहळू एक गोष्ट बिघडत गेली. वाक्य अर्धे राहिले असले की बाबाचा हात मान न वळवता माझ्याकडे येई आणि मला थोडे मागे पिळी. "एवढं संपवतो." मुंगी पलीकडून माझ्याकडे बघत राही. ती तक्रार करीत नसे. ती शहाण्यासारखी थांबे, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटू लागली. भट्टीतला पावसुद्धा अगदी शहाण्यासारखा गप्प असतो.

त्या दुपारी मुंगीने बेकरी मांडली होती. तिच्या खोलीत अंथरुणांची मोठी लाकडी पेटी होती. झुरळे शिरू नयेत म्हणून आईने तिच्या फटी बुजवल्या होत्या. मुंगीने पेटीवर कोळशाने 'भट्टी' असे लिहिले आणि बाहुल्यांना समोर ओळीने बसवले. मग ती आतल्या चादरी उपसू लागली.

"मी पाव आहे," ती बाहुल्यांना म्हणाली. "घंटा वाजली की फुगून बाहेर येणार. मध्ये दार उघडायचं नाही हं कुणी!"

ती आत शिरली, अंगावर ओला फडका घेतला आणि झाकण ओढले. झाकण धाडकन आदळले. बाहेरची कडी उडाली आणि कोयंड्यात घट्ट बसली. मित्रांनो, हे मी पाहिले. फक्त मीच पाहिले.

"हळू गं!" बाबा लिहितालिहिता म्हणाला.

मी शून्याकडे निघालो होतो. आता मी वाजेन, ती झाकण ढकलेल, उघडले नाही की ओरडेल, असा हिशोब मी केला. घंटा खणखणणार तोच तो हात आला. "एवढं संपवतो." मी मागे गेलो.

पेटीतून सुरुवातीला गुणगुणणे ऐकू येत होते. मग ते थांबले. मी पुन्हा शून्याजवळ आलो आणि हात पुन्हा आला. मी असा जीव तोडून टिकटिक करत होतो, पण टिकटिकीकडे कोण लक्ष देतो?

तेवढ्यात बाबा अडला. त्याला गोष्टीतल्या म्हातारीसाठी नाव हवे होते, आणि नावे नेहमी मुंगीच देई. "मुंगे, एक नाव सांग ना!"

उत्तर आले नाही.

"रुसलीस? बरं बाई, तुझाच कायदा. वाजल्यावर सांग." तो हसला आणि त्याने लेखणी उचलली.

पण लेखणी कागदावर टेकेना. तो कान देऊन ऐकू लागला. कात्रीचा आवाज नव्हता, काही ओढल्याचा आवाज नव्हता. मुंगीच्या खोलीत एवढी शांतता कधीच नसे. त्याने पहिल्यांदा मान वळवून माझ्यावरून पलीकडे पाहिले. ओळीने बसलेल्या बाहुल्या, चादरींचा ढीग आणि पेटीवरचा तो शब्द.

तो खुर्ची पाडून धावला. कडी त्याच्या हाताला सापडेना. झाकण उघडले तेव्हा मुंगी घामाने निथळत होती, ओठ निळसर पडले होते. त्याने तिला उचलून रस्त्याकडच्या खिडकीपाशी आणले, वारा घातला, हाका मारल्या. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"बाबा, घंटा वाजली?"

मी तेव्हा वाजलो. फार उशिरा वाजलो. बाबा तिला छातीशी धरून लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी आईने मुंगीची नाडी पाहिली, मग पुन्हा पाहिली. बाबाने सगळे सांगितले, काही लपवले नाही. "आजपासून लिहिणं बंद," तो म्हणाला. आईने आधी पक्कड घेऊन पेटीचा कोयंडा उपटून काढला. मग ती म्हणाली, "लिही तू. लिहू नको कोण म्हणतंय? पण हा वाजला की उठायचं. वाक्य मेलं तरी चालेल मला."

बाबा अजून लिहितो. त्याची बरीच वाक्ये अर्धी राहतात, पण मी वाजलो की तो उठतो. मुंगी आता ठणठणीत आहे आणि तीही गोष्टी लिहू लागली आहे. काल दुपारी तिची गोष्ट ऐन रंगात आली होती. बाबा पलीकडे हात पुसत तयार उभा होता. मी वाजणार, इतक्यात एक हात माझ्याकडे आला.

तो हात छोटा होता. "एवढं संपवते," मुंगी म्हणाली आणि तिने मान न वळवता मला मागे पिळले.

मित्रांनो, मला मागे पिळणारे हात दुष्ट नसतात. ते कामात रंगलेले असतात, म्हणूनच मला त्यांचे भय वाटते. तुम्हीही रंगा, खूप रंगा. पण पलीकडे कुणीतरी माझ्या घंटेवर विश्वास ठेवून गप्प बसलेले असते. तेवढे लक्षात ठेवा आणि मला वाजू द्या.